सहा आकडे

बकाराम शेंडे केंद्रात येतो तेव्हा
आधी उंबऱ्याशी हात पुसतो पॅन्टला.
सायकलचं ग्रीस काही जात नाही.
"बाई, थ्या मशीनमंदी पाहा न,
वच्छीसाठी कोणी भेटते काय."

वच्छी म्हणजे बहीण. अंगणवाडीत मदतनीस होती.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजवी बाजू गेली,
त्याला आता दोन वर्षं.
"पैसे नाही मांगून राह्यलो कोणाले.
दिवसातून दोनदा कूस बदलून देणारी बाई पाह्यजे.
माही कंबर आता उचलत नाही."

कूस बदलून देणारी बाई.
हे कोणत्या शब्दांत शोधतात?
प्रशिक्षणात आम्हाला सातबारा शिकवला,
उत्पन्नाचा दाखला शिकवला.
मी लिहिते, वृद्ध सेवा. मग, घरपोच परिचारिका.
मग त्याचेच शब्द, जसेच्या तसे.

पडद्यावर पांढऱ्या केसांचं जोडपं हिरवळीवर हसतं.
बकाराम त्यांच्या दातांकडे बघत राहतो.
पिनकोड टाका. सहा आकडे टाकते.
ही सेवा सध्या आपल्या भागात उपलब्ध नाही.
"काय म्हंते?"
"थांबा, दुसरीकडे बघू."

चौथ्या की पाचव्या दारामागे सापडतं
जिल्हा रुग्णालयाचं एक पान,
घरी येऊन बघणाऱ्या पथकाचं.
अक्षरं बारीक, फोटो एकही नाही.
मला बिनफोटोची पानं खरी वाटतात.

रुग्ण स्वतः जेवते का?
"जेवते न. डाव्या हातानं. वरण सांडते,
पण चारू देत नाही मले."
रुग्ण स्वतः संडासला जाते का?
तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो.
मी नाही दाबते.
काळजी घेणाऱ्याचं नातं, भाऊ. वय, एकाहत्तर.
काळजी घेणाऱ्या व्यक्तीला मदतीची गरज आहे का?
"कोण व्यक्ती?"
"तुम्ही."
"मले काय झालं?"

झेरॉक्ससाठी थांबलेलं पोरगं चुळबुळ करतं.
बकाराम खुर्ची पुढे ओढतो, आवाज उतरवतो.
"हो म्हटलं, तर नेतील काय तिले?
कोठी आश्रमात गिश्रमात?"

मला माहीत नव्हतं. पानावर लिहिलेलंही नव्हतं.
माऊस सोडला, तळाशी होता तो नंबर लावला,
सात वेळा.
आठव्यांदा एका बाईनं घास गिळत उचलला.
"नेत नाही हो कोणाला. आम्हीच येतो.
आणि कंबर न मोडता कूस कशी बदलायची,
तेही दाखवतो दादांना."
"मंग मांडा हो," बकाराम म्हणाला, जमिनीकडे बघून.

आता ओटीपी.
तो जाणार वच्छलाच्या फोनवर,
आणि तो फोन तिच्या उशाशी, खिळ्याला,
ट्यूबच्या पट्टीनं बांधलेला.
कोणीही लावला की आपोआप उचलतो,
आपोआप मोठ्यानं बोलतो.
ती सोय बकारामनंच करून घेतलेली,
दुकानातून तिचं खोकणं ऐकू यावं म्हणून.

त्यानं आपल्या डबड्या फोनवरून लावला.
"वच्छे, काचेवर मेसेज आला. आकडे वाच."
पलीकडे बराच वेळ श्वास.
मग एक आवाज, ओल्या कापडासारखा.
"चार," बकाराम म्हणाला.
मला तर काहीच कळलं नव्हतं.
"नऊ. नाव नाही म्हंत, नऊ म्हंते."
तिसऱ्या आकड्याला वेळ संपली. पुन्हा पाठवा.

दुसऱ्यांदा ती सावकाश नाही, घाईनं बोलली,
आणि तो मधे न थांबता सांगत गेला,
सात, दोन, दोन, पाच, एक.
मग काहीच नाही.
तिकडे फक्त पंख्याची करकर.
घड्याळ उलटं धावतंय, तीस, एकोणतीस.
मी म्हणाले, "सहावा?"
"सांगतलं न तिनं," बकाराम म्हणाला,
"काही नाही म्हंते. शून्य टाका."

पान हिरवं झालं.
वीस रुपये मोजून त्यानं टेबलावर ठेवले.
फोन बंद केला नाही,
तसाच चालू शर्टाच्या खिशात टाकला
आणि सायकल ढकलत निघाला,
खिशाशी बोलत.